वहिनीची जाळी

९ मे

वहिनी,

नमस्कार. आईला फोनची घंटा सहन होत नाही म्हणून दादानं फोन काढून टाकला, ते एका परीनं बरंच झालं. फोनवर आपण दोघी फार गोड बोलायचो आणि खाली ठेवला की मला काहीच कळलेलं नसायचं. पत्रात तरी थोडं खरं लिहिता येईल.

काल आपल्या गल्लीतला न्हावी आमच्या चष्म्याच्या दुकानात आला होता. मी मागच्या खोलीत भिंगं घासत होते, आवाज ओळखून बाहेर आले. नवी फ्रेम नाकावर चढवून तो आरशात बघत होता आणि आमच्या मालकांना सांगत होता, "तोंड आलं होतं हो, पाणीसुद्धा झोंबायचं. वहिनीच्या जाळीचा पाला उकळून चुळा भरल्या, तेव्हा कुठे घास गिळता आला." मी विचारलं, कुणाची वहिनी? तर म्हणतो, "तुमचीच की! गल्लीत सगळे वहिनीची जाळीच म्हणतात."

वहिनीची जाळी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी दोन भिंगं बिघडवली आणि मालकांची बोलणी खाल्ली.

तुम्हाला कदाचित कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. लहानपणी मी रेल्वेच्या बांधावर रानातल्या बेऱ्या खायला गेले आणि तोंडावर जाळीत पडले. भुवई फाटली. तो व्रण अजून आहे, चष्मा लावला की त्याच्या काठाखाली लपतो. आई मला ओढून काढायला आली तेव्हा एक काडी तिच्या कपड्यांना अडकून मुळासकट निघाली. तीच तिनं परसात खोचली. एवढे काटे बघून बाबांनी जाळीचं नाव ठेवलं खाष्ट. म्हणजे त्या जाळीसाठी माझं रक्त सांडलंय, वहिनी. तुमचं त्या घरात पाऊल पडायच्या कितीतरी आधी.

असो. मुद्द्याचं विचारते. जानेवारीत आईला झटका आला तेव्हा मी येऊन राहिले, पण तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती. आता सावरली आहे म्हणता. तिची वाचा गेलीय, ते मला ठाऊक आहे. पण डोळ्यांनी, हातांनी, कशानं तरी ती माझी आठवण काढते का? तिला मी आठवते का? बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल. एवढं लिहा.

ठकी


१८ मे

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. न्हाव्याला मी चार पानं दिली होती, त्यानं एवढा डांगोरा पिटला असेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या वेळी हे केस कापायला गेले की त्याला दम द्यायला सांगते.

आईंची तब्येत सुधारते आहे. उजवा हात अजून उचलवत नाही, डावा मात्र चांगला चालतो. सकाळी मी त्यांना परसात खुर्चीवर बसवते आणि माझं मशीन मागच्या खिडकीशी ओढून घेते. बसच्या सीटची कव्हरं शिवायला दोन पावलं इकडे काय, तिकडे काय. त्यांचं लक्ष खाष्टीवर आणि माझं त्यांच्यावर. औषधांनी त्यांचंही तोंड आलं होतं, तेव्हा पाल्याच्या पाण्यानंच उतार पडला. या मोसमात बेऱ्या भरपूर आल्या. काळ्या झालेल्या, नुसता हात लावला की सुटणाऱ्या तेवढ्याच घ्यायच्या, हे त्यांनीच मला शिकवलेलं. चुरून, बिया गाळून देते. तेवढं मात्र वाटी संपेपर्यंत खातात.

लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांनी मला खाष्ट सासूची भीती घातली होती. आले तर सासू मऊ, आणि खाष्ट उभी परसात! ही गंमत मी आईंना पुष्कळदा सांगितलीय, त्या दर वेळी हसायच्या. आता हसत नाहीत.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल काय लिहू. त्या शांत असतात.

एक विचारायचं होतं. बेऱ्या संपल्या. जाळी कुंपण ओलांडून शेजारच्या हेडमास्तरांच्या नळापर्यंत पोचलीय, त्यांचा पायजमा फाटला म्हणून ते फाटका पायजमा दाखवायलाच घरी आले होते. छाटायला हवी. पण दर वर्षी छाटणी आई स्वतः करायच्या, तेव्हा कात्रीला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मलासुद्धा नाही. कुठल्या काड्या काढायच्या नि कुठल्या ठेवायच्या? तुम्हाला ठाऊक असेल. जाळी तुमची आहे.

वहिनी


२५ मे

वहिनी,

"त्या शांत असतात." मी काय विचारलं आणि तुम्ही काय लिहिलंत! आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं, त्याला अक्षर वाचा म्हटलं की तो फळ्याचा रंग सांगतो. तुमचं तसंच झालं.

दादा परवा बस घेऊन इकडे आला होता. डेपोत उभ्या उभ्याच भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, आई हिच्याशिवाय घास घेत नाही, ही दिसली नाही तर कासावीस होते. आईचा राखाडी स्वेटरही थंडीत तुम्हीच घातलात म्हणे. तिनं स्वतःच्या हातानं तुमच्या अंगावर टाकला. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? तो स्वेटर मी माझ्या पहिल्या पगारातून घेतला होता.

आता छाटणीचं. ते अगदी सोपं आहे. हिरव्या, लांब, लुसलुशीत काड्या दिसतील, त्यांना या वर्षी एकही बेरी लागलेली नसेल. त्या आयतोबा. नुसतं खातात आणि वाढतात. त्या सगळ्या मुळापासून छाटा. ज्या तपकिरी काड्यांनी बेऱ्या दिल्या त्या कमावत्या, त्यांना हात लावू नका. त्यांच्याच जिवावर पुढचं वर्ष निघतं. मी लहानपणापासून बघत आलेय, डोळे मिटून भरवसा ठेवा.

ठकी


२ जून

वहिनी,

तुमचं उत्तर नाही. हे पत्र पोचायच्या आत छाटणी केली नसलीत तर करू नका! माझी गफलत झाली. काल दुकानात एक भिंग चुकून उलटं बसवलं आणि एकदम लक्षात आलं की मी तुम्हाला छाटणीही उलटीच सांगितली. ज्यांना बेऱ्या येऊन गेल्या त्या काड्या आता वाळून मरणारच असतात, त्या काढायच्या. हिरव्या ठेवायच्या. त्यांना पुढच्या मोसमात बेऱ्या लागतात. हिरव्या कापल्या तर पुढच्या वर्षी आईच्या वाटीत काही पडायचं नाही.

इतक्या वर्षांत माणूस विसरतं. उन्हाळाही फार होता. डोकं ठिकाणावर नव्हतं.

दादाच्या डेपोत दोनदा निरोप ठेवला, पण तो दुसऱ्या मार्गावर आहे म्हणाले. कापल्या नाहीत ना? कृपा करून लगेच कळवा. मला झोप नाही.

ठकी


११ जून

वन्सं,

गफलत नाही. उगाच उन्हाळ्याला नावं ठेवू नका.

तुमचं छाटणीचं पत्र आलं त्याच सकाळी मी शिवणाचे जाड हातमोजे चढवले, कात्री घेतली आणि परसात गेले. आई खुर्चीत होत्या. म्हटलं, लेकीचं पत्र आलंय, तिनं छाटणी कशी करायची ते लिहिलंय, ऐका. मोठ्यानं वाचून दाखवलं. आयतोबा, कमावत्या, सगळं. मग पहिल्या हिरव्या काडीला कात्री लावली आणि मागून धाडकन आवाज झाला. आईंनी डावा हात खुर्चीवर आपटला होता. मी थांबले. त्यांनी मान हलवली, एकदा हिरवीकडे बघून नाही, एकदा तपकिरीकडे बघून हो. आणि मग त्या हसल्या. अर्ध्याच तोंडानं, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जानेवारीपासून पहिल्यांदा. मी इतके दिवस खाष्ट सासूची गंमत सांगून थकले, आणि त्या हसल्या कशावर, तर तुमच्या लबाडीवर!

मी कशी आहे तुम्हाला माहीत आहे. मी गप्प बसते, मूग गिळते. आज गिळणार नाही.

तुम्ही दोनदा विचारलंत की आईंना तुम्ही आठवता का. मी उत्तर दिलं नाही. आता देते. त्यांची वाचा पूर्ण गेलेली नाही. फेब्रुवारीत एक शब्द परत आला. एकच. ठकी.

तहान लागली की ठकी. पाठ दुखली की ठकी. उन्हातून उचल म्हणायचं असलं की ठकी. डॉक्टर म्हणतात, असं होतं, एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस त्याच्यावरच सगळं भागवतं. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण मी त्यांना न्हाऊ घालते, भरवते, केस विंचरते आणि त्या माझा हात धरून, माझ्या तोंडाकडे बघून ठकी म्हणतात. आणि मी "ओ" देते. फेब्रुवारीपासून मी तुमच्या नावाला ओ देत आलेय. तो स्वेटरही त्यांनी "ठकी, ठकी" म्हणतच माझ्या अंगावर टाकला होता.

म्हणून लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं? गल्लीतले चार लोक वहिनीची जाळी म्हणतात, तेवढंच या घरात माझ्या नावावर आहे. तर तुमच्या नाकाला तेही झोंबलं.

अजून एक. छाटणी झाल्यावर आईंनी एक लांब हिरवी काडी डाव्या हातानं वाकवली. काटे टोचले तरी सोडेनात. तिचं टोक जमिनीला टेकवून माझ्याकडून मातीत पुरून घेतलं, वर दगड ठेवायला लावला. टोकाला मुळं फुटतात आणि नवं रोप होतं म्हणे. मी विचारलं, ठकीसाठी? तर म्हणाल्या, ठकी. अर्थात, दुसरं काय म्हणणार होत्या. पण मला समजायचं ते समजलं. रोप झालं की तुम्हाला पाठवीन. पाठवायची मला मुळीच इच्छा नाही, तेही लिहून ठेवते.

वहिनी


१७ जून

वहिनी,

तुमचं पत्र मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या चाकाशी बसून वाचलं. मालकांना वाटलं डोळ्यात काचेचा कण गेला, ते पाण्याचं भांडं घेऊन धावत आले.

खरं सांगू? आधी आनंदानं रडले. मग तुमचा "ओ" वाचला आणि पत्र चुरगाळून टाकलं. माझ्या नावाला तुम्ही ओ देता! ती हाक माझी आहे, वहिनी. मी इथे तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत स्टोव्हचा आवाज ऐकत बसते आणि माझी हाक तिकडे रोज तुमच्या पदरात पडते.

चुरगाळलेलं पत्र परत सरळ केलं. छाटणीबद्दल तुम्ही बोललात त्यावर मला काही म्हणायचं नाही.

सुट्टी मिळालीय. शनिवारी येते.

ठकी


५ जुलै

वहिनी,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाई विचारत होत्या, कान दुखतो का? मी सारखी कानाला हात लावत होते.

घरी असताना आपण दोघी या विषयावर बोललोच नाही, नेहमीसारखं गोड बोलत राहिलो. म्हणून इथून लिहिते.

मी परसात आले तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलं आणि काहीच म्हणाली नाही. वाटलं, मेले मी. मग ती तुमच्याकडे वळली आणि म्हणाली, "ठकी." जणू विचारतेय, ही कोण आली? तुम्ही माझ्या मागे उभ्या होतात. मी वाट बघत होते की तुम्ही आता ओ देणार. तुम्ही दिली नाहीत. ती परत म्हणाली, "ठकी", जरा चिडून. तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत, उलट माझ्या पाठीत बोट खुपसलंत. तिसऱ्या वेळी तिचा आवाज रडवेला झाला, आणि मी वळून बघितलं तर तुम्ही ओठ दाताखाली धरून आभाळाकडे बघत होतात. तेव्हा मी म्हटलं, "ओ."

तिनं डाव्या हातानं माझा चष्मा काढला. भुवईवर बोट फिरवलं, व्रण सापडेपर्यंत. आणि व्रण सापडल्यावर माझा कान धरून असा पिळला, की मी तुमच्यादेखत ओरडले. छाटणीबद्दल होता तो. तुम्हालाही कळलं, मलाही कळलं. मग ती हसली, तुम्ही पत्रात लिहिलंत तशी, अर्ध्या तोंडानं.

तुम्ही गप्प राहिलात ते सोपं नव्हतं. माझ्याच्यानं झालं नसतं. एवढंच लिहायला बसले होते, बाकीचं उगाच लांबलं.

स्वेटर तुमच्याकडेच असू द्या.

ठकी


२० डिसेंबर

वन्सं,

मध्ये फार दिवस गेले. कामं होती, आणि रागही होता. तुम्ही गेल्यावर मी हिशेब केला, की इतक्या वर्षांच्या संसारात आईंनी माझा कान एकदाही धरला नाही. कधी साधा आवाज चढवला नाही. सून म्हणून फार जपलं मला. पोटच्या पोरीचा कान पिळायला मात्र त्या बंद पडलेल्या अंगातूनही जोर आला. तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मी मशीनवर बसून रडले आणि दोन कव्हरांना उलटी शिवण घातली.

आता रोपाचं. परवा दगड बाजूला केला, टोकाला झुबकेदार मुळं फुटली होती. जुन्या जाळीपासून काडी तोडली, रोप मातीसकट पत्र्याच्या डब्यात बसवलं, तुमच्या दादांच्या बसमधून तुमच्याकडे धाडायचं ठरलं. डबा दारापाशी ठेवला तर आईंनी आकांत मांडला. ठकी, ठकी, ठकी! मी म्हटलं, अहो, ठकीलाच पाठवतेय. त्यांनी खुर्ची हादरवली. शेवटी ह्यांनी आणि मी त्यांना उचलून डब्याजवळ नेलं, तर बोट दाखवत दाखवत आम्हाला मागच्या बाजूला नेलं. माझ्या मशीनच्या खिडकीखाली. तिथे खणायला लावलं. रोप लागल्यावरच शांत झाल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, ठकी.

या वेळी मी ओ दिली. मनापासून दिली. रोप माझ्यासाठी होतं, वन्सं. आपण दोघींनीही चुकीचं धरलं होतं. आता जळा.

जळून झालं असेल तर पुढचं वाचा. जूनमध्ये मी तुम्हाला ते रागाचं पत्र लिहिलं, त्याच संध्याकाळी कुंपणाच्या कोपऱ्यात आणखी एक काडी वाकवून ठेवली होती. आईंना न सांगता. का ठेवली मला ठाऊक नाही, तुमच्याबद्दल तेव्हा एकही चांगला शब्द मनात नव्हता. तीही लागलीय. उद्याच्या बसनं पाठवतेय. तुमच्या गॅलरीत ऊन येतं म्हणालात, तिथे मोठ्या पिंपात लावा. हातमोजे घाला.

एक अट आहे. हे रोप तुम्हाला आईंनी दिलेलं नाही. मी दिलंय. विसरायचं नाही.

वहिनी


१४ मे

वहिनी,

खाष्टीनं गॅलरीचा अर्धा कठडा बळकावलाय. वाळत घातलेल्या कपड्यांना ओरखडे येतात, खालच्या मजल्यावरून तक्रारी सुरू झाल्यात. बेऱ्या अजून नाहीत. नुसत्या हिरव्या लांब काड्या आहेत, आयतोबा. मी एकीलाही कात्री लावलेली नाही.

दादा सांगत होता की तुमच्या खिडकीखालची माझ्या जाळीपेक्षा उंच झालीय. तो मुद्दाम सांगतो. मला अर्थातच काही वाटलं नाही. त्या दिवसापासून पाणी जरा जास्त घालते, एवढंच.

आईला आता "ठकी"शिवाय "नको" म्हणता येतं, हेही कळलं. पहिलं "नको" तिनं तुम्हाला म्हटलं की दादाला, हे लिहा. तुम्हाला असेल तर सांभाळून लिहा.

काल समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई आल्या होत्या. नर्स आहेत, रात्रपाळ्या करून करून त्यांचं तोंड आलंय. जाळीकडे बघून म्हणाल्या, "ही तीच ना, तोंड आल्यावर पाला उकळून चुळा भरतात ती?" मी चार पानं तोडून दिली, कसं उकळायचं ते सांगितलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "छान वाढवलीत हो. तुमचीच ना?"

ओठांपर्यंत आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. भुवईचा व्रणसुद्धा दाखवणार होते.

म्हटलं, "नाही. वहिनीची आहे."

ठकी